सरवदेंचं सुतक

"यंदा कुणाला मारू नको बघ," चन्नवीरअण्णा म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

प्रभु सरवदे नव्या मागाला कुठलं तेल घालायचं ते विचारायला मालकांच्या खोलीत आला होता. हातात पाना, खांद्यावर फडकं. अण्णांचं बोलणं त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अक्कलकोट रोडवरच्या या टॉवेलच्या कारखान्यात तो मुख्य जॉबर होता. म्हणजे माग आजारी पडला की त्याची नाडी बघायची ती यानं. खंडेनवमी चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी कारखान्यात मागांची, मोटारींची, पान्यांची, कात्र्यांची आणि अण्णांच्या जुन्या स्कूटरचीही पूजा व्हायची. आणि दरवर्षी तो दिवस जवळ आला की प्रभु सरवदेच्या नात्यातलं कुणीतरी जायचं. चुलते गेले, आत्या गेली, सासऱ्यांचे थोरले भाऊ गेले, आणि एका वर्षी तर सांगोल्याकडचा एक मामेभाऊ गेला, जो मुळात जन्मालाच आलेला नव्हता. "सुतक आहे, पूजेला येता येणार नाही," एवढं सांगून तो मान खाली घालून घरी जायचा, आणि लोक हळहळायचे.

"कुणाला म्हणजे?" त्यानं विचारलं. विचारायला नको होतं.

"गेल्या खेपेला होटगीची मावशी घालवलास की. सारजाबाई. महादेवप्पाला ती होटगीच्या स्टेशनात दिसली, पेरू घेत हुती. यानं इचारलं, मावशी, तुमी तर वारलासा की? तर ती म्हणती, कवा?" अण्णा हसले नाहीत, हेच वाईट होतं. "आन् मला एक सांग. आमी लिंगायत. आमच्यात सुतक मानत न्हाईत. तुमच्या ख्रिस्ती लोकांत तर तो प्रकारच न्हाई. मग इतकी वर्षं ह्या कारखान्यात सुतक पाळलं कुणी?"

प्रभुनं पाना या हातातून त्या हातात घेतला. अण्णांनी बशी खाली ठेवली आणि अगदी हळू, लाडानं म्हणावं तसं म्हणाले, "यंदा नव्या मागाला तू ओवाळायचं. नारळ तू फोडायचा. माझ्या छातीत तार घातलीया, डाक्टर म्हणतो हात वर करू नका. आन् मशीन तुझ्या शब्दावर आलंय. माझ्या हातनं आता आणिक नवं मशीन हुतंय का न्हाई कुणाला म्हाईत. एवढं कर माझ्यासाठी." मग तेलाचं काय ते सांगितलं. प्रभुनं ऐकलं नाही आणि संध्याकाळपर्यंत जुनंच तेल घालत राहिला.

घरी जाताना स्कूटरवर त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि प्रत्येक आठवण आता वेगळीच दिसायला लागली. आत्या गेली तेव्हा महादेवप्पा, कारखान्यातला सगळ्यात जुना विणकर, म्हणाला होता, "सायब, तुमच्या घराण्याला नवरात्र भारी जातंय." तेव्हा प्रभुला वाटलं होतं, किती मायेचा माणूस. मामेभाऊ गेला तेव्हा सूत गुंडाळायच्या, वाइंडिंगच्या खात्यातल्या पोरी तोंडाला पदर लावून पळाल्या होत्या. प्रभुला वाटलं होतं, रडू आवरेना त्यांना. आणि सुवार्तानं, त्याच्या बायकोनं, एका खंडेनवमीला मटण शिजवलं होतं. सुट्टीचा दिवस, दुसरं काय करायचं. नेमका महादेवप्पा प्रसाद आणि सांत्वन दोन्ही घेऊन दारात उभा. प्रभुनं घाईघाईनं खिडक्या लावल्या, त्यामुळं वास घरातल्या घरात कोंडला आणि दुप्पट झाला. महादेवप्पानं एक लांब श्वास घेतला होता, डोळे मिटले होते आणि म्हणाला होता, "जानाऱ्याच्या आवडीचं करत्यात, बरुबर हाय." त्या वाक्यावर प्रभुनं देवाचे आभार मानले होते! आता तेच वाक्य सिग्नलला आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिरवा दिवा लागला तरी तो तसाच थांबला आणि मागच्या रिक्षावाल्यानं त्याच्या सगळ्या नातेवाइकांचा उद्धार केला, जिवंत आणि मेलेल्या दोघांचा.

सुतकाची वाट त्यानं स्वतः शोधली नव्हती, हेही खरं. तो नवीन लागला तेव्हा कारखान्यात हिशेब बघणारे एक पंत होते. त्या वर्षी त्याचे चुलते खरोखरच वारले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पंतांनी त्याच्या हातातलं कुंकवाचं ताट काढून घेतलं आणि म्हणाले, "अरे, तुला सुतक आहे. तू शिवू नकोस कशाला." प्रभु त्यांच्याकडं बघतच राहिला. आठवडाभर तो जिवाला खात होता, नव्या नोकरीत पहिल्याच महिन्यात नाही कसं म्हणायचं म्हणून, आणि इथं एक माणूस स्वतःहून दार उघडून त्याला बाहेर जा म्हणत होता. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा चुलत्यांच्या दुःखापेक्षा सुटल्याचा आनंद मोठा होता, आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटली होती. पुढच्या वर्षी चुलते पुन्हा मरू शकत नव्हते. मग आत्या. पुढं पुढं तर कुठल्या नात्याचं किती दिवस सुतक धरतात हे त्याला एखाद्या भटजीला तोंडात बोट घालायला लावील इतकं पाठ झालं. मावशीचं कमी, चुलत्याचं जास्त. खंडेनवमी कुठल्या वारी येते ते बघून तो नातं निवडायचा.

शांतवन मास्तरांचा मुलगा हे करत होता. शांतवन मास्तर, प्रभुचे वडील, मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी खेड्यांत जाऊन उपदेश करायचे. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका ओळीत मावायचं: नमायचं एकालाच, बाकी सगळ्यांना सलाम. आणि सलाम ते खरोखर सगळ्यांना करायचे. पुजाऱ्याला, मौलवीला, पोस्टमनला, एकदा तर चुकून टपालपेटीला. एकदा ते लहान प्रभुला घेऊन अक्कलकोटला कुणा ओळखीच्याकडं गेले होते. परत येताना नेमकी मठासमोरच्या गर्दीत मास्तरांच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल मागं राहिली. मास्तर थांबले, चपलेकडं पाहिलं, मठाकडं पाहिलं, आणि एका चपलेवर सरळ पुढं चालायला लागले. उन्हानं रस्ता तापला होता. प्रभु म्हणाला, "पप्पा, मी आणू का?" तर म्हणाले, "तू पण माझाच आहेस." आणि थोडं पुढं गेल्यावर, एका पायावर जरा लंगडत, समजावून सांगितलं: "त्यांच्या देवाचा मला राग नाही, बाळ. पण मी तिथं वाकलो असतो आणि कुणी पाहिलं असतं, तर माझं वाकणं दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. ते माझं नाही द्यायला." मागून एक नारळवाला ती चप्पल घेऊन एसटी स्टँडापर्यंत पळत आला, "मास्तर, पायताण इसरला की," आणि मास्तरांनी त्याला असा काही खोल सलाम केला की तो बिचारा घाबरून चार पावलं मागं सरला.

लहानपणी प्रभुला त्या चपलेची फार लाज वाटायची. पुढं अभिमान वाटायला लागला. आणि आता, सात रस्त्याच्या चौकात, त्याला पहिल्यांदा कळलं की वडील वाकले नाहीत ते भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, आणि तो स्वतः वाकला नाही तो दारं-खिडक्या लावून. देवासमोर दुसरा देव ठेवायचा नाही ही एक आज्ञा पाळायला त्यानं खोटं न बोलण्याची दुसरी आज्ञा दर नवरात्रात न चुकता मोडली होती. एका खिशातलं काढून दुसऱ्या खिशात घालायचं आणि आपण श्रीमंत झालो म्हणायचं, त्यातला प्रकार.

सुवार्तानं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. "मग सांगून टाका की सरळ. अण्णा काय खातात का?"

"त्यांच्या छातीत तार आहे."

"तारेला काय होतंय खरं बोलल्यानं."

"तू कारखान्यात नाहीस."

"मी नाही, पण मटण मीच शिजवलं होतं," ती म्हणाली, आणि तिला जे हसू आलं ते भाकरी करपेपर्यंत थांबलं नाही. प्रभुला त्या हसण्याचा राग आला. दर वर्षी डोळे मिटून आपण देवाला म्हणायचो, "बापा, तुझ्यासाठी एवढं केलं," आणि तेव्हा सगळा कारखाना असाच हसत होता. मग देव? तोही? हा विचार त्यानं अर्ध्यावरच सोडला आणि होटगीला मावशीला फोन लावला.

"मावशी, तुला महादेवप्पा भेटला होता ते सांगितलं नाहीस?"

"कशाला सांगायचं? मेलेल्या माणसानं गप राहावं," सारजामावशी म्हणाली. "तू मला मारलास तवापास्नं माझं गुडगं दुखायचं थांबलंय बघ. पण शांतवन असता तर तुला उभा फोडला असता. मला मारलास म्हणून नव्हं. भ्यालास म्हणून." आणि फोन ठेवण्याआधी तिनं पेरूचा भाव सांगितला.

दुसऱ्या दिवशी तो ठरवून अण्णांकडं गेला. रस्ताभर वाक्य तयार करत होता. "अण्णा, माझा देव एकच आहे," हे पहिलं सुचलं, पण ते बाद करावं लागलं, कारण या शहरात हे वाक्य जो तो म्हणतो आणि त्यापुढं लगेच प्रसादाचा पेढा हातावर ठेवतो. "मला हे करता येत नाही," हे दुसरं. त्यावर अण्णा म्हणाले असते, "शिकवतो की." "मी करत नाही" उद्धट वाटत होतं आणि "मी करणार नाही" औषध न घेणाऱ्या पोरासारखं. शेवटी तो काहीच न ठरवता आत गेला आणि म्हणाला, "अण्णा, ते पूजेचं." तेवढ्यावर अण्णांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं, गळ्यातली चांदीची डबी बाहेर घेतली, आणि मुठीत धरली.

"ह्यात काय हाय? माझं लिंग. एकच. मी काय धा दारं फिरतोय का? मीबी एकाचाच. पण मशीनला हात जोडतो, का? त्यानं दिलेल्या भाकरीला हात जोडल्यासारखं हाय ते. तू भाकरी खातोस न्हवं? मग?"

हे इतकं बरोबर वाटत होतं की प्रभुला घाम फुटला. हे चुकीचं आहे हे त्याला हाडांत माहीत होतं, पण हाडांना बोलता येत नाही. शिवाय अण्णा एक गोष्ट बोलत नव्हते, आणि ती खोलीत दोघांच्या मधे बसून होती. शांतवन मास्तर गेले, त्या वेळी दफनाला अण्णा आले होते. भर दुपारी, डोक्यावरची टोपी काढून हातात धरून, कबरीच्या कडेला शेवटपर्यंत उभे. पाळकांच्या लांबलचक प्रार्थनेत ते दोन-तीनदा मधेच "आमेन" म्हणाले होते, नको त्या ठिकाणी, पण मनापासून. मूठभर माती त्यांनीही टाकली होती. तेव्हा त्यांनी विचारलं नव्हतं, की हे माझ्या धर्मात बसतं का. तो माणूस आज छातीत तार घेऊन एवढंसं मागत होता, आणि प्रभुला त्याच्यावर माया होती. हीच अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. तसले लोक बायबलातल्या गोष्टींत असतात, भट्ट्या पेटवतात, सिंह सोडतात. अण्णा चहा मागवतात.

"बरं अण्णा," तो म्हणाला आणि बाहेर आला. बरं म्हणजे काय, हे त्यालाही माहीत नव्हतं.

उरलेले दिवस त्यानं नव्या मागाजवळ काढले. मशीन सुरेख होतं. त्याच्या मनात आलं, यात देव आहे असं वाटणारी माणसं काही वेडी नाहीत. रात्रभर न कुरकुरता विणत राहतं, चूक झाली की आपणहून थांबतं, लाल दिवा लावतं, आणि चूक कुठं झाली ते दाखवतं. मी तसा कधी थांबलो? मग आपण मशीनची इतकी स्तुती करतोय हे ध्यानात येऊन तो दचकला आणि त्यानं उगाचच एका नटाला जोरात पाना लावला. हातांची काळजी तर वेगळीच होती. सगळे हात जोडून उभे असताना आपले हात कुठं ठेवायचे? मागं बांधले तर पोलीस वाटतो. छातीवर घडी घातली तर भांडायला आलेला वाटतो. खिशात घातले तर अपमान. लोंबते सोडले तर हात आपले आपणच जोडले जातील अशी त्याला खरोखरच भीती वाटायला लागली.

खंडेनवमीला तो कामाचेच कपडे घालून गेला. पूजेला आलेला दिसू नये म्हणून. कारखान्यात पाय ठेवला तर सगळे इस्त्रीच्या कपड्यांत आणि तोच एकटा ग्रीस लागलेल्या शर्टात, त्यामुळं सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. याला या दिवशी इथं बघायची कुणाला सवयच नव्हती. वाइंडिंगच्या पोरींनी एकमेकींना ढोसलं. "सायब, समदी खुशाल हाईत न्हवं?" महादेवप्पानं विचारलं. "खुशाल आहेत," प्रभु म्हणाला.

नव्या मागाला केळीचे खुंट बांधले होते, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, आणि महादेवप्पानं पहाटेपासून राबून जिथं जिथं म्हणून काच किंवा दिवा दिसला तिथं तिथं कुंकवाचं बोट लावलं होतं. अण्णा खुर्चीवर, शेजारी वैजयंतीकाकू, त्यांच्या पत्नी, ओवाळणीचं तबक घेऊन. या कारखान्याची एक रीत होती. बंद मागाला ओवाळत नसत. आधी माग चालू करायचा, मग चालत्या मागाची आरती. प्रभुनं मनाशी ठरवलं, बटण दाबायचं, तेवढं कामच आहे, आणि तबक पुढं आलं की बोलायचं. त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. लाल दिवा लागला.

पुन्हा दाबलं. लाल दिवा. मागं कुजबुज सुरू झाली. अण्णांचा चेहरा उतरला, वैजयंतीकाकूंनी तबक छातीशी धरलं. आणि प्रभुला कारण कळलं. मशीनच्या पोटाखाली, अगदी खाली, धाग्यावर नजर ठेवणारा काचेचा डोळा होता. महादेवप्पाच्या मायेतून तोही सुटला नव्हता. कुंकवानं मशीन आंधळं झालं होतं, आणि धागा दिसत नाही म्हणून इमानदारीनं थांबलं होतं. तिथं हात पोचायचा तर एकच मार्ग. गुडघे टेकायचे आणि डोकं खाली घालायचं. झेंडूच्या माळेखाली. सगळ्यांसमोर.

त्याच्या डोळ्यांसमोर तापलेला रस्ता आला. पण चप्पल मागं सोडून जाता येते, माग सोडून जाता येत नाही. जॉबर आहे तो. त्यानं गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. आत अंधार होता, नव्या रंगाचा आणि झेंडूचा वास होता. कुंकू तेलकट, नुसत्या फडक्यानं निघेना. थुंकी लावावी असं मनात आलं आणि दुसऱ्याच्या कुंकवावर थुंकायचं म्हणजे भलतंच, म्हणून त्यानं काचेवर वाफ सोडली, शर्टाच्या टोकानं चोळलं, पुन्हा वाफ सोडली. मग बांगड्या वाजल्याचा आवाज आला, खूप बांगड्यांचा. हात जोडल्याचा. काच साफ झाली आणि वर हिरवा दिवा लागला.

"बगा, बगा," महादेवप्पा ओरडला. "माथा टेकला आन् दिवा हिरवा झाला."

"झालं रे बाळा," अण्णांचा आवाज आला. ओला झाला होता. "एवढंच पायजे हुतं मला. आता तू काय करू नको. आरती महादेवप्पा करंल. तुझा नमस्कार पोचला."

मागाच्या पोटाखाली, कपाळाला लोखंड लावून, प्रभुला हळूहळू उमजलं की तो सुटला. आरती नाही, नारळ नाही. तो एक शब्दही खोटं बोलला नव्हता. त्यानं नमस्कार केला नव्हता हे त्याला माहीत होतं, वरच्याला माहीत होतं, आणि अण्णा सुखी होते. इतक्या वर्षांत याहून स्वच्छ सुटका झाली नव्हती. कुणालाही मरावं लागलं नव्हतं. त्याला इतकं हलकं वाटलं की तिथंच, त्या अंधारात, त्यानं प्रार्थना सुरू केली. "बापा, तुझे उपकार मानतो, की तू मला," आणि पुढं काही येईना. की तू मला काय? लपवलंस? माझा गुडघा मशीनच्या नावावर जाऊ दिलास? वर अण्णाही याच क्षणाचे उपकार मानत होते, दुसऱ्याच कुणाचे. वाक्य पुरं होईना. त्यानं दोनदा प्रयत्न केला. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याच्याशीच बोलता येत नव्हतं, आणि तेव्हा प्रभु सरवदेला खरी भीती वाटली. अण्णांची नव्हे.

तो मागं सरकत बाहेर आला. येताना डोकं आपटलं, केसांत झेंडूची पाकळी अडकली. सगळे हात जोडून उभे होते.

"अण्णा, मी नमस्कार नाही केला."

"आँ?"

"खाली सेन्सरला कुंकू लागलं होतं. ते पुसलं, म्हणून दिवा हिरवा झाला." आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "आणि आरतीही मी करणार नव्हतो. तेच सांगायला आलो होतो. मी एकालाच नमतो, अण्णा. मशीनला नाही, आणि दुसऱ्या कुणालाही नाही. मला कसलं सुतक नव्हतं कधी. भीत होतो, म्हणून सांगितलं नाही. तुमचा राग नाही, तुमच्या देवाचा राग नाही. पण माझ्याच्यानं हे होणार नाही."

जोडलेले हात एकेक करून सुटले. अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू, लाईट गेल्यावर पंखा जरा वेळ फिरत राहतो तसं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग थांबलं.

"दुखलं मला," ते म्हणाले.

"मलाही," प्रभु म्हणाला.

अण्णांनी वैजयंतीकाकूंच्या हातातलं तबक घेतलं आणि महादेवप्पाकडं दिलं. प्रभुनं बटण दाबलं. माग सुरू झाला, आणि त्या आवाजात कुणालाच काही बोलता आलं नाही, हे बरंच झालं. आरती झाली. नारळ फुटला. प्रभु बाजूला उभा होता आणि त्याचे हात कुठं होते याच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. सगळं झाल्यावर त्यानं माग थांबवला, फडकं खांद्यावर टाकलं आणि स्कूटरकडं निघाला. पंगतीसाठी सतरंज्या पडत होत्या. वैजयंतीकाकू नैवेद्याचं ताट वाढायला बसल्या होत्या. शेंगापोळीचा वास सगळ्या कारखान्यात पसरला होता.

"कुटं?" अण्णांनी मागून विचारलं.

"घरी."

"जेवून जा."

"अण्णा," तो म्हणाला. एकदा तोंड उघडलं की सगळंच बाहेर येतं. "नैवेद्य दाखवलेलंही मी खात नाही. महादेवप्पा दरवर्षी आणायचा ते मी शेजारच्या शेळीला घालायचो."

"तरीच," महादेवप्पा म्हणाला. "लई गुटगुटीत हाय ती."

अण्णांनी छातीवर हात ठेवला, तेव्हा प्रभुच्या काळजात चर्र झालं, पण तो हात डबीवर होता. मग ते बायकोकडं वळले. "वैजू, ह्याचं ताट आदी वाढ. मग नैवेद्य."

वैजयंतीकाकूंचा हात वाढता वाढता थांबला. नवरात्रात त्या घरात नैवेद्याआधी रडत्या पोरालाही पोळीचा तुकडा मिळत नसे. अण्णा स्वतः साखरेचे पेशंट असून एकदा नैवेद्याची वाट बघता बघता चक्कर येऊन पडले होते, पण खाल्लं नव्हतं. "देवाच्या आदी?" त्या म्हणाल्या. "आजवर कधी झालंय का असं?"

"न्हाई झालं."

"मग देवाला काय सांगायचं?"

"ते मी बघतो. माझ्यात आन् त्याच्यात हाय ते. तू वाढ."

त्यांनी वाढलं. पहिली पोळी, तूप सोडून, देवाच्या ताटासाठी काढलेल्या चळतीतली सगळ्यात वरची. प्रभुला एकट्याला सतरंजीवर बसवलं आणि सगळा कारखाना सकाळपासूनच्या उपाशी पोटानं भोवती उभा राहिला, अण्णा सगळ्यांत पुढं. घास घ्यायच्या आधी घरी तो प्रार्थना करायचा, पण कारखान्यात डबा खाताना आजवर कधी केली नव्हती, भाजीत मीठ बघतोय असं दाखवून दोन शब्द पुटपुटायचा. आज त्यानं डोळे मिटले, हात जोडले, आणि मघाचं वाक्य पुन्हा सुरू केलं. "बापा, तुझे उपकार मानतो," आणि या वेळी पुढचं आपोआप आलं. अण्णा आले, त्यांच्या छातीतली तार आली, वैजयंतीकाकू आल्या, वडील आले, ज्या ज्या नातेवाइकांना त्यानं मारलं होतं ते सगळे एकेक करून आले आणि त्यानं प्रत्येकाला आयुष्य मागितलं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि प्रार्थना काही संपत नव्हती.

"सायब," कानाशी महादेवप्पा हळूच म्हणाला, "जरा आवरतं घ्या की. आमचा देव अजून उपाशी हाय."

प्रभुनं डोळे न उघडताच आमेन म्हटलं आणि पोळी मोडली.